रक्त थांबत नाही तेव्हा

नागपुरात कोणाला अल्सर निघाला की पहिला आरोप सावजीच्या रश्श्यावर येतो. झणझणीत तर्रीने जठर जळते, हा समज घराघरांत पक्का बसला आहे. आधीच जखम असलेल्याला तिखटाचा त्रास होतो, हे खरे. पण जठराला किंवा त्याच्या पुढच्या ड्युओडिनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, जखम होते ती मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी त्याचा आणि अल्सरचा संबंध सिद्ध केला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. दुसरे कारण आपल्या औषधांच्या डब्यात असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्या दुखणे थांबवतात, पण जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारी द्रव्ये तयार होण्याचीही वाट अडवतात. हृदयरोग्यांना रोज घ्यावी लागणारी अॅस्पिरिनची छोटी गोळीही याच गटातली. जिवाणू आणि गोळी दोन्ही एकाच पोटात आले, तर धोका आणखी वाढतो.

नागपूरच्या सदर भागात फिरताना दर थोड्या अंतरावर औषधांचे एक दुकान दिसते. गुडघे दुखतात, पाठ धरली, दाढ ठणकते, एवढे सांगितले तरी कागदाशिवाय गोळ्यांची पट्टी हातात पडते. घेणाऱ्याला ती औषध वाटतच नाही. डॉक्टर विचारतात, ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ आणि घरचे मनापासून सांगतात, ‘नाही, काहीच नाही.’ सांधेदुखीच्या पुड्यांचे तर विचारूच नये. त्यात काय आहे हे देणाराही लिहून देत नाही. सदरसारख्या दवाखान्यांनी भरलेल्या वस्तीतही पोटातल्या रक्तस्रावाची गोष्ट बऱ्याचदा अशी साध्या दुखण्यावरच्या साध्या गोळीपासून सुरू होते.

हा रक्तस्राव ओळखायचा कसा, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे. उलटीत लाल रक्त आले की कोणीही घाबरून धावतो. फसगत होते ती काळ्या रंगामुळे. जठरातील आम्लात थोडा वेळ राहिलेले रक्त काळे पडते. त्यामुळे उलटी कॉफीच्या चुऱ्यासारखी दिसते आणि शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होते. ‘रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत, त्याने काळे होत असेल’ किंवा ‘मूळव्याध असेल’ असे म्हणत दोन-दोन दिवस घरी काढले जातात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग बदलतो, हे खरे आहे. पण त्या शौचाला डांबरासारखा चिकटपणा आणि तो वास नसतो. बाथरूममधून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, छातीत धडधडू लागले, तर शरीराने बरेच रक्त गमावलेले असते.

इथे हिमोग्लोबिनच्या रिपोर्टबद्दल मुद्दाम लिहिले पाहिजे, कारण त्या एका आकड्याने कितीतरी घरांना खोटा धीर दिला आहे. रक्त वाहून जाते तेव्हा त्यातल्या लाल पेशी आणि पाणी दोन्ही एकाच प्रमाणात जातात. म्हणून पहिल्या काही तासांत शरीरातील रक्त कमी झालेले असते, तरी उरलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचा आकडा फारसा बदलत नाही. सलाईन सुरू झाले आणि शरीरातले पाणी रक्तवाहिन्यांत ओढले गेले की तो आकडा कोसळतो. रात्री अकराला ११ दिसलेले हिमोग्लोबिन पहाटे ७ वर येते आणि नातेवाइकांना वाटते, रुग्णालयात आणल्यावर तब्येत बिघडली. रक्तदाबही शेवटपर्यंत टिकून राहतो, विशेषतः तरुणांमध्ये. आधी वाढते ती नाडी. म्हणून अनुभवी डॉक्टर रिपोर्टची वाट पाहत बसत नाहीत. ते नाडी मोजतात, हातपाय गार आहेत का ते बघतात, रुग्णाला बसवल्यावर रक्तदाब किती खाली येतो ते पाहतात आणि शौचाचा रंग स्वतः तपासतात.

पहिल्या तासांतील उपचारांबद्दल गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने आपलीच काही मते मोठ्या प्रामाणिकपणे सुधारली आहेत. पूर्वी नाकातून नळी घालून बर्फाच्या पाण्याने जठर धूत असत. त्याने रक्त थांबत नाही हे कळल्यावर ती पद्धत मागे पडली. रक्त गोठवणारे ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडचे इंजेक्शन आपल्याकडे सर्रास दिले जाते. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या १२,००९ रुग्णांच्या अभ्यासात त्याने पोटातील रक्तस्रावातले मृत्यू कमी झाले नाहीत. उलट शिरांत गुठळ्या होण्याचे आणि फिट येण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. जास्तीत जास्त रक्त चढवणे हिताचे, हा समजही तसाच मागे पडला. बार्सिलोनातील २०१३च्या अभ्यासात हिमोग्लोबिन ७च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात जास्त रुग्ण वाचले. याला अपवाद आहेत. धो-धो रक्तस्रावात, हृदयविकार असलेल्यांत हा आकडा लावून चालत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असते आणि वेदनांमुळे त्यांच्या वाट्याला वेदनाशामके वारंवार येतात. त्यांचा विचार वेगळाच करावा लागतो.

मग येते एंडोस्कोपी. तोंडातून दुर्बीण आत जाते आणि जखम डोळ्यांनी दिसते. तिच्या तळाशी धमनीतून पिचकारी उडते आहे, नुसते झिरपते आहे, फुगलेली रक्तवाहिनी दिसते आहे, की वर गुठळी बसली आहे, यावरून धोका ठरतो. एडिनबरोच्या जॉन फॉरेस्ट यांनी १९७४ साली केलेली ही वर्गवारी आजही जगभर वापरतात. दुर्बिणीतूनच अॅड्रिनॅलिन टोचतात, क्लिप लावतात किंवा उष्णतेने रक्तवाहिनी बंद करतात. सोबत आम्ल दाबणारे औषध शिरेतून मोठ्या मात्रेत चालू राहते. बहुतेक रुग्णांचा रक्तस्राव यावर थांबतो. एंडोस्कोपी २४ तासांच्या आत व्हायला हवी. पण सहा तासांत घाईने केल्याने मृत्यू आणखी कमी होत नाहीत, असे हाँगकाँगच्या २०२०च्या अभ्यासात दिसले. म्हणजे आधी रुग्णाला सावरायचे, मग दुर्बीण. ‘अजून एंडोस्कोपी का नाही केली?’ म्हणून कॅज्युअल्टीत आवाज चढवणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे समजावून सांगण्याएवढा वेळ तिथल्या डॉक्टरांना मिळायला हवा.

आणि तरीही काही रुग्णांचे रक्त थांबत नाही. आमचा आजचा विषय तेच रुग्ण आहेत.

एकेकाळी हे काम सर्वस्वी सर्जनचे होते. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगासाठी जठराचा खालचा भाग काढून रुग्ण वाचवला आणि जठराच्या शस्त्रक्रियेचे दार उघडले. १९४३ साली शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल करण्याचा हुकूम देणारा व्हेगस मज्जातंतू कापण्याची पद्धत रूढ केली. पुढची तीन-चार दशके आपल्या सरकारी रुग्णालयांतही अल्सर म्हणजे व्हेगस कापणे आणि जठर-आतड्याची नवी जोडणी, हे समीकरण होते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच ‘मेडिकल’, १९४७ साली सुरू झाले. त्या काळात सर्जरी शिकलेल्या पिढ्यांचे हात या ऑपरेशनवर घडले. १९७६ साली ब्रिटनमध्ये आम्ल कमी करणारे सिमेटिडिन आले, १९८८ साली ओमेप्राझोल आले, मग पायलोरी मारणाऱ्या प्रतिजैविकांचा कोर्स आला आणि अल्सरची ठरवून केली जाणारी शस्त्रक्रिया जवळजवळ संपली. रुग्णांचे यात भलेच झाले. मात्र रक्तस्रावासाठी पोट उघडण्याची वेळ आज आली, तर टेबलाशी उभा असलेला तरुण सर्जन ते ऑपरेशन कदाचित पहिल्यांदाच करत असतो.

कोणाला ऑपरेशनला न्यायचे, हा सगळ्यात कठीण निर्णय आहे. याबाबत १९९९ साली हाँगकाँगहून प्रसिद्ध झालेला अभ्यास मार्गदर्शक ठरला. एकदा दुर्बिणीने थांबवलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झालेल्या ९२ रुग्णांपैकी ४८ जणांवर पुन्हा एंडोस्कोपी केली आणि ४४ जणांवर शस्त्रक्रिया. दुसऱ्या एंडोस्कोपीने ४८ पैकी ३५ जणांचा रक्तस्राव कायमचा थांबला आणि त्या गटात गुंतागुंतही कमी झाली. म्हणून पहिल्यांदा पुन्हा रक्त सुरू झाले की पुन्हा दुर्बीण, हा आज सर्वमान्य मार्ग आहे. पण त्याच अभ्यासाने पुढचेही सांगितले. ज्यांची जखम दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी होती आणि रक्तस्राव परतताना ज्यांचा रक्तदाब कोसळला होता, त्यांच्यात दुसरी एंडोस्कोपी अपयशी ठरण्याची शक्यता जास्त होती. अशा रुग्णाबाबत तिसरा, चौथा प्रयत्न करत राहणे म्हणजे सर्जनच्या हाती अधिक थकलेला, अधिक गार पडलेला, रक्त गोठण्याची शक्ती गमावलेला रुग्ण देणे. सर्जनला बोलवायचे ते शेवटी नव्हे. मोठी जखम दिसली की पहिल्या एंडोस्कोपीच्या वेळीच त्याने शेजारी उभे राहावे. जखम नेमकी कुठे आहे हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल, तर रात्री पोट उघडल्यावर रक्ताने भरलेल्या जठरात चाचपडावे लागत नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशन कसे होते, हे सांगितल्याशिवाय त्याची निकड कळणार नाही. सर्वांत भयंकर रक्तस्राव होतो तो ड्युओडिनमच्या मागच्या भिंतीवरील अल्सरमधून, कारण तिच्या लगेच मागून गॅस्ट्रोड्युओडिनल ही जाड धमनी जाते. जखम भिंत पोखरत तिथपर्यंत पोहोचली की धमनीच्या बाजूला भोक पडते. सर्जन पोटाला छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उभा छेद घेतो. जठर आणि ड्युओडिनम यांच्यामधल्या पायलोरसवर आतड्याच्या लांबीच्या दिशेने छेद घेऊन दोन्हीकडे आत डोकावतो. गुठळ्या बाहेर येतात, सक्शनची नळी तुंबते, खालून लाल रक्त उसळून येते आणि काहीच दिसत नाही. या क्षणी कुशल सर्जन टाके घालायची घाई करत नाही. तो बोट आत घालतो आणि जखमेच्या तळावर दाबून धरतो. रक्त थांबते. मग तो काही मिनिटे नुसता उभा राहतो. डोक्याशी उभ्या भूलतज्ज्ञाला तो वेळ हवा असतो. तेवढ्यात रक्ताच्या पिशव्या लागतात, प्लाझ्मा जातो, रक्तदाब सावरतो. त्यानंतर बोट हळूहळू सरकवत जाड टाके पडतात. एक धमनीच्या वरच्या बाजूला, एक खालच्या बाजूला आणि एक कडेच्या फांदीसाठी. तो तिसरा टाका राहिला, तर मागच्या बाजूने रक्त पुन्हा येते. टाका फार खोल गेला, तर जवळूनच जाणारी पित्तनलिका त्यात सापडते. शेवटी लांबीच्या दिशेने घेतलेला छेद आडवा शिवतात, म्हणजे वाट अरुंद होत नाही. जगभरच्या सर्जरीच्या वर्गात हे शिकवतात, पण पुस्तकातल्या चित्रात ते रक्त नसते.

जठरातल्या अल्सरचे तंत्र वेगळे. तिथे कर्करोग दडलेला असू शकतो. म्हणून शक्य असेल तर जखमच काढून टाकतात, नाहीतर कडेचा तुकडा तपासणीला पाठवून टाके घालतात. जठराचा भाग काढणारी मोठी शस्त्रक्रिया करावी, की नुसते टाके घालून बाहेर पडावे, हा वाद जुना आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव परतण्याचे प्रमाण कमी असते, पण मृत्यू त्या प्रमाणात घटत नाहीत. शॉकमध्ये असलेल्या सत्तरीच्या रुग्णावर तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया करू नये, रक्त थांबवून बाहेर यावे, असेच आम्हाला वाटते. आज बहुतेक सर्जनही तेच करतात.

या शस्त्रक्रियेचे निकाल चांगले नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. ब्रिटनमध्ये २००७ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत पोटातील रक्तस्रावाच्या सर्व रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. शस्त्रक्रिया फार थोड्यांना, दोन टक्क्यांच्या आसपास लोकांना लागली, पण त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के दगावले. याचा दोष चाकूवर टाकणे चुकीचे. टेबलापर्यंत पोहोचतात ते सगळ्यात गंभीर आणि बहुधा वयस्क रुग्ण. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री एंडोस्कोपी करणाऱ्या तज्ज्ञांची ठरलेली पाळी जेमतेम निम्म्या रुग्णालयांत होती. श्रीमंत देशातली ही अवस्था आपण लक्षात ठेवावी.

पोट न उघडता रक्त थांबवण्याचा तिसरा मार्ग आता रुजला आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी पोटाच्या धमनीपर्यंत नेतात आणि सूक्ष्म कॉइल टाकून ती शाखा आतूनच बंद करतात. एम्बोलायझेशन म्हणतात ते हेच. वृद्ध, हृदयविकार असलेल्या रुग्णाला हा मोठा आधार आहे. रक्तस्राव परतण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा काहीसे जास्त असते, पण गुंतागुंत कमी. अडचण एवढीच की त्यासाठी कॅथलॅब आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट हवा, आणि तो रात्री दोन वाजता हवा.

दारूमुळे किंवा काविळीच्या विषाणूंमुळे यकृत खराब झालेल्यांच्या अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांमधून होणारा रक्तस्राव हा वेगळाच आजार आहे. त्यावर रबरबँड बांधतात, वेगळी औषधे देतात, आणि वर सांगितलेली शस्त्रक्रिया तिथे लागू पडत नाही. पहिली एंडोस्कोपी लवकर व्हावी म्हणतात, त्याचे हा फरक ओळखणे हे एक कारण.

आता नागपूरकडे वळू. सदरच्या माणसाला भौगोलिक अडचण नाही. महापालिकेचे रोगनिदान केंद्र वस्तीतच आहे, मेयो रुग्णालय जवळ आहे, मेडिकल आणि त्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय शहरातच, धंतोली-रामदासपेठेत खासगी रुग्णालयांची रांग, मिहानमध्ये एम्स. तरीही रात्री रक्ताची उलटी झालेला रुग्ण जवळच्या दवाखान्यातून एका नर्सिंग होममध्ये, तिथून दुसरीकडे असा फिरत राहतो, कारण कोणत्या दाराआड या क्षणी एंडोस्कोपी करणारा, भूल देणारा, सर्जन आणि रक्त या चारही गोष्टी आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून येणाऱ्याचे हाल तर याहून मोठे. त्याचे पहिले काही तास रस्त्यावरच जातात, आणि अनेकदा हातातल्या चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी पाठवत आहे’ एवढेच असते.

आम्हाला नव्या इमारती नकोत. शहरातील सरकारी आणि मोठ्या खासगी रुग्णालयांनी मिळून रात्रीची एक सामाईक पाळी ठरवावी आणि आज रात्री रक्तस्रावाचा रुग्ण कुठे जाणार, हे १०८ रुग्णवाहिकेच्या चालकापासून सदरच्या छोट्या दवाखान्यातील डॉक्टरपर्यंत सगळ्यांना माहीत असावे. जिल्ह्यातून रुग्ण पाठवताना दोन जाड सुया शिरांत असाव्यात, रक्तगट कळवलेला असावा, कोणत्या गोळ्या चालू होत्या ते लिहिलेले असावे, आणि निघण्याआधी फोन झालेला असावा. रक्त रक्तपेढीने उभे करावे. मध्यरात्री नातेवाइकांना रक्तदाते शोधत हिंडायला लावणे थांबले पाहिजे.

पैशाचा प्रश्नही इथेच येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ साली पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय झाला. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागदपत्रे नंतर देण्याची सोयही योजनेत आहे. रेशनकार्ड आणायला घरी माणूस पाठवून रुग्णाला दारात ताटकळत ठेवणे हे योजनेच्याच विरोधात जाते, आणि रुग्णालयात योजनेसाठी नेमलेल्या आरोग्यमित्राने ते पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवे.

सर्जनच्या शिक्षणाबद्दलही लिहावे लागेल. वर्षातून हातावर मोजण्याइतक्या वेळा होणारे ऑपरेशन प्रत्येक निवासी डॉक्टरच्या वाट्याला येणार नाही, हे उघड आहे. म्हणून ते मृतदेहावर आणि प्राण्यांच्या आतड्यावर शिकवावे, ज्येष्ठ सर्जनांनी त्या तीन टाक्यांची जागा प्रत्येक तुकडीला हाताला धरून दाखवावी. निवृत्त झालेल्या ज्या सर्जनांनी शेकड्यांनी अल्सरची ऑपरेशने केली, त्यातले काही आजही याच शहरात आहेत. ते शिकवू शकतात तोवर महाविद्यालयांनी त्यांना आठवड्यातून एक दिवस बोलवावे. मध्यरात्री फोन केला तर वैतागणार नाही असा एक ज्येष्ठ सर्जन प्रत्येक पाळीला नेमलेला असणे, हीदेखील तेवढीच आवश्यक व्यवस्था आहे.

रुग्ण वाचून घरी आला की काम संपले, असे नाही. रक्तस्रावाच्या काळात केलेली पायलोरीची तपासणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते. ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, आणि जिवाणू असल्यास औषधांचा कोर्स पुरा करून तो गेला याची खात्रीही. हृदयासाठीची अॅस्पिरिन घाबरून आपणच बंद करायची नाही. ती कधी सुरू करायची हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचे, आणि बहुधा ती काही दिवसांतच आम्लरोधक गोळीसह परत सुरू होते. गुडघेदुखीसाठी मात्र आता पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम. डिस्चार्ज कार्डावर कोणत्या वेदनाशामक गोळ्या पुन्हा घ्यायच्या नाहीत त्यांची नावे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावीत, म्हणजे मेडिकलच्या काउंटरवर ते कार्ड दाखवता येईल आणि औषधविक्रेत्यालाही ती पट्टी परत आत ठेवता येईल.